ओल्या नळीचे पाणी

परळच्या एका म्युनिसिपल शाळेत, मुले घरी गेल्यावर, दुपारी चार ते सहा गिरणी कामगारांचा वर्ग भरत असे. मी तो वर्ग दोन वर्षे घेतला. समाजसेवेची हौस मला तेव्हाही नव्हती. वर्ग चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस आणि आमच्या दैनिकाचे संपादक गिरगावात एकाच मजल्यावर राहत. चिटणिसांनी मास्तर मागितला, संपादकांनी मला दिला. माझी उपसंपादकाची पाळी संध्याकाळी सातला सुरू होई, म्हणजे तोपर्यंत मी रिकामा असतो, असे दोघांनी परस्पर ठरवले.

मंडळाचे उद्दिष्ट छापील होते: कामगारांना त्यांच्या धंद्यात लागेल एवढे वाचन, हिशेब आणि आलेख शिकवणे. पुस्तके मात्र पहिली-दुसरीच्या मुलांची दिली होती. मिशा असलेले, मुलाबाळांचे बाप असलेले पुरुष छोट्या बाकांत गुडघे कोंबून बसत आणि सशाने गाजर कसे खाल्ले ते मोठ्याने वाचत. गणिताच्या पुस्तकात एक हौद होता. त्याला दोन नळ भरत आणि तिसरा रिकामा करी. हौद किती वेळात भरेल, एवढाच प्रश्न होता. तिसरा नळ बंद का करत नाहीत, हे वर्गाने पहिल्याच दिवशी विचारले. पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते.

पुस्तके मी कपाटात ठेवली आणि ज्याने त्याने आपल्या गिरणीच्या फाटकावरची सूचना उतरवून आणावी असे सांगितले. अक्षरे बहुतेकांना येत होती. अडत ते 'सदरहू', 'उपरोक्त' आणि 'अन्यथा' या शब्दांपाशी. 'अन्यथा'च्या पुढे जे लिहिलेले असे त्याने माणसाचे काम जाई, आणि वाचणारा तिथे पोचेपर्यंत दमलेला असे. मी त्यांना सूचना शेवटून वाचायला शिकवले. वृत्तपत्रात सरकारी पत्रके आम्ही तशीच वाचत असू. गोड मजकूर वर असतो, कामाचा खाली.

आलेख अधिक अवघड गेला. वर्गाची एक पक्की समजूत होती: रेघ वर गेली म्हणजे चांगले, खाली आली म्हणजे वाईट. लालबागच्या एका कोकणी विद्यार्थ्याला मी धागे तुटण्याचा आलेख काढायला दिला. त्याने कागद उलटा धरून काढला.

"असो कित्याक?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

"मास्तर, सरळ काढलंय तर रेघ खाली जाता. जॉबरान बघल्यान तर म्हणतलो, काम घसरला."

"अरे, धागे कमी तुटले. काम सुधारलं."

"ता तुमका कळता. जॉबराक कोण सांगतलो?"

जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. तो माझ्या वर्गात येत नसे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस होते. फाउंटनचा गोळीबार होऊन गेला होता, गिरणगावात दर आठवड्याला सभा होत आणि मधूनमधून हरताळ पडे. हरताळाच्या दिवशी उत्पादनाच्या आलेखात काय दाखवायचे, यावर वर्गात एकदा भांडण झाले. एक म्हणाला, शून्य. दुसरा म्हणाला, जागा मोकळी सोडा. डिलाईल रोडच्या चाळीत राहणारा, कार्डखात्यात काम करणारा एक विद्यार्थी म्हणाला, "शून्य कसं? त्या दिवशी तर दुप्पट काम झालं. सकाळी मोर्चा, दुपारी सभा." वर्ग हसला. मी सांगितले की माप घेतलेच नसेल तर शून्य लिहिणे खोटे आहे, रेघ तोडायची. दारात चिटणीस उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, वर्गात राजकारण नको." आदल्या संध्याकाळी दादरच्या सभेत मराठी माणूस एक झाला पाहिजे, यावर ते बराच वेळ बोलले होते. माणूस व्यासपीठावर एक होत असावा. वर्गात त्याची सोय नव्हती.

चिटणिसांविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. त्यांचे कपडे खादीचे, हस्ताक्षर सुंदर आणि आवाज सभेचा. कामगारांशी बोलताना ते शब्द सावकाश उच्चारत, जसे बहिऱ्याशी बोलतात. कार्डखात्यातल्या त्या विद्यार्थ्याला ते पहिल्या दिवशी "आमचे हरिजन बंधू" म्हणाले.

"बौद्ध," तो म्हणाला.

"हो हो, तेच ते."

"तेच असतं तर नागपूरला जायला लागलं नसतं."

वर्गात त्याला सगळे कार्डवाला म्हणत, मीही तेच म्हणतो. तो नम्र नव्हता. दुसऱ्याची चूक निघाली की त्याला उघड आनंद होई. त्याच्या पाठीवर पट्टी मारावी असे मला अनेकदा वाटले. पण त्याला खोकला होता. कार्डखात्यात कापूस पिंजून विंचरला जातो; हवेत त्याचा भुगा तरंगतो आणि तो माणसाच्या छातीत जातो. त्याच्या वडिलांनी त्याच खात्यात आयुष्य काढले होते आणि शेवटची वर्षे चाळीच्या गॅलरीत बसून खोकण्यात घालवली होती. कार्डवाला शिकायला आला तो एवढ्यासाठीच. त्याला त्या खात्यातून बाहेर पडायचे होते. ज्ञान वगैरे शब्द चिटणीस वापरत.

दुसऱ्या वर्षी मंडळाने एक काम मिळवले, हे मान्य केले पाहिजे. लोअर परळच्या एका गिरणीने कबूल केले की वर्गाच्या परीक्षेत जो पहिला येईल त्याला साचेखात्यात हवा लिहिण्याच्या जागेवर घेऊ. साचेखाते म्हणजे जिथे साचे, म्हणजे माग, चालतात ते खाते. तिथली हवा दमट ठेवावी लागते, नाहीतर धागा कडक होऊन तुटतो. त्यासाठी छताला पाण्याचे फवारे असतात, आणि फवारे केव्हा चालू, केव्हा बंद, हे ठरवायला भिंतीवर दोन तापमापक. एकाची नळी कोरडी. दुसरीच्या टोकाला कापडाची वात, वातीचे दुसरे टोक पाण्याच्या कुपीत. दोन्ही आकडे वाचायचे. फरक जितका जास्त तितकी हवा कोरडी. फरक नसेल तर हवा पाण्याने पुरी भरलेली. मग तक्त्यात बघून ओलाव्याचा आकडा काढायचा आणि आलेखावर टिंब द्यायचे. रेघ तांबड्या खुणेच्या वर गेली की फवारेवाला फवारे बंद करी.

वाचन, हिशेब, आलेख, तिन्ही एका कामात. मंडळाच्या उद्दिष्टाला इतकी चपखल नोकरी पुन्हा सापडली नसती. कार्डवाला पहिला आला. लालबागचा कोकणी दुसरा.

निकालानंतर चिटणीस वर्गात आले आणि त्यांनी कार्डवाल्याला बाहेर बोलावले. मलाही.

"हे पाहा," ते म्हणाले, "तुमचा पहिला नंबर आहे, त्याविषयी वाद नाही. अडचण आहे ती पाण्याची."

साचेखात्यात एक जुनी प्रथा होती. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नवी घालून धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. एकच धोटा कितीतरी ओठांना लागे. म्हणून अस्पृश्य मानलेल्या माणसाला त्या खात्यात घेत नसत. कायद्याने ही गोष्ट संपली होती. खात्यात चालू होती. कार्डवाल्याने त्याचा विचार आधीच केला होता: हवा लिहिणाऱ्याला धोट्याशी कर्तव्य नसते. पण वातीच्या कुपीत पाणी घालावे लागते, ते स्वच्छ लागते, आणि खात्यात स्वच्छ पाणी एकाच ठिकाणी होते, साचेवाल्यांच्या पिण्याच्या माठात.

"तुम्ही घरून बाटलीत पाणी आणलंत तर?" चिटणीस म्हणाले. "एवढीशी कुपी ती. प्रश्नच मिटला."

"परवाच्या सभेत तुम्ही म्हणालात, महाराष्ट्राच्या नद्यांचं पाणी सगळ्यांचं."

"ते धोरण झालं. मी व्यवहाराचं बोलतोय."

"मग बाटली नाही आणणार. हे माझं धोरण."

चिटणीस माझ्याकडे वळले. मी घड्याळ पाहिले; उपसंपादकाला मत विचारू नये. शेवटी त्यांनी गिरणीशी बोलून तोडगा काढला, आणि तो तोडगा मी आजवर पाहिलेल्या सर्व तोडग्यांत पहिल्या क्रमांकाचा आहे. जागा एक होती, तिच्या दोन केल्या. पहिला आलेला आकडे वाचील. दुसरा आलेला पाणी घालील. कार्डवाल्याने माठाला आणि कुपीला हात लावू नये, असे त्याला तोंडी सांगण्यात आले. चिटणिसांनी हे आपल्या कार्यकारिणीला 'दोघांना रोजगार' म्हणून कळवले.

कोकण्याला हसू आवरत नव्हते. "मी रे काय, पुजारी झालंय. नळयेक रोज पाणी घालूचा."

"घाल बाबा," कार्डवाला म्हणाला. "नवसाला पावली तर मलापण सांग."

तो कार्डखात्यातून बाहेर पडला. काही आठवड्यांत खोकला कमी झाला. तोडगा अपमानाचा होता आणि छातीला मानवत होता.

मग शिमगा आला. कोकणी गावी गेला. शिमग्याला लालबाग-परळमधला कोकणी माणूस गावी जातो, यात नवीन काही नव्हते. त्याने जॉबरला सांगितले होते, जॉबरने मान हलवली होती. पाणी कोण घालणार, हे कुणी ठरवले नाही. पुढे जे झाले ते मला कार्डवाल्याने सांगितले. त्याच्या सांगण्यावर मी विसंबलो नाही. त्या खात्यातल्या दोन साचेवाल्यांना वेगवेगळे गाठून विचारले. तिघांच्या सांगण्यात फरक फक्त शिव्यांचा होता.

कुपी आटली, वात वाळली. वात वाळली की ओली नळी कोरड्या नळीसारखीच वागते. दोन्हींचा आकडा एक आला. फरक नाही, म्हणजे तक्त्याप्रमाणे हवा पाण्याने भरलेली. कार्डवाल्याने आकडे जसे दिसले तसे लिहिले, टिंब दिले, रेघ तांबड्या खुणेच्या वर गेली. शेऱ्याच्या जागी त्याने लिहिले: वात कोरडी आहे. पाण्याला हात लावण्याची परवानगी नाही. जॉबरने आलेख पाहिला. शेरे तो वाचत नसे. रेघ वर गेलेली पाहून त्याला बरेच वाटले असावे. फवारेवाल्याने नियमाप्रमाणे फवारे बंद केले.

मार्चच्या कोरड्या हवेत फवारे बंद पडल्यावर जे व्हायचे ते झाले. धागे तुटू लागले. एक साचा थांबला, मग शेजारचा, मग सगळी ओळ. साचेवाल्यांची मजुरी कापडावर असते. थांबलेल्या साच्यावर ती नसते.

"काय रे हवावाल्या, तुझी हवा ओली आणि आमचा धागा कोरडा?"

"शेरा वाचा."

एकाने वाचला, सावकाश. मग दुसऱ्याने तांब्या भरून आणला आणि दोन्ही नळ्यांवर ओतला. आता दोन्ही ओल्या झाल्या. फरक पुन्हा नाही. रेघ वरच राहिली.

"आता?"

"आता कोरडी पुसायला पाहिजे आणि ओलीची वात नीट बसवायला पाहिजे."

"मग बसव की, बघतोस काय!"

"पाणी कुठलं घेऊ?"

"माठातलं. समुद्राचं घेणारायस काय?"

"माठाला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे."

"कुणाचा?"

"तुमचा."

जॉबर मध्ये आला आणि त्याने हळूच सांगितले की आजच्या दिवस घे. कार्डवाला म्हणाला, जोरात सांगा, साच्यांच्या आवाजात ऐकू येत नाही. त्या ओळीतला एकही साचा तेव्हा चालू नव्हता. साताऱ्याकडचा एक म्हातारा साचेवाला ओरडला, "घे रे बाबा, घे! माठ घे, माठाची तिवई घे, पण कापड चालू कर!" बाकीच्यांनी साच्यांकडे तोंडे फिरवली. कार्डवाल्याने माठात तांब्या बुडवला आणि कुपी भरली.

त्याला कळत होते का? अर्थात. पहिल्या टिंबालाच कळले होते. त्याने खोटे काही लिहिले नाही आणि खरे कुणाला मोठ्याने सांगितले नाही. हा घात होता की हुकमाची अंमलबजावणी, यावर मी त्याच्याशी वाद घातला नाही. हुकूम ज्यांनी दिला त्यांनाच तो पाळला गेल्याचा इतका राग येताना मी फार वेळा पाहिलेले नाही.

मॅनेजरला या प्रकरणातले एकच कळले: एका माणसाच्या कामावर गिरणी दोन माणसे पोसते आहे. कोकणी शिमग्याहून परत आला तेव्हा त्याची बदली त्याच्या जुन्या खात्यात झाली होती. "पुजारपण गेला," तो म्हणाला आणि गावाहून आणलेली काजूची पुडी वर्गात फिरवली. पाणी आणि आकडे दोन्ही कार्डवाल्याकडे आले. राज्यघटनेला जे साधले नव्हते ते एका पगाराच्या काटकसरीने साधले.

मंडळाच्या वार्षिक समारंभात चिटणिसांनी जाहीर केले की वर्गाच्या कार्यामुळे एका गिरणीच्या साचेखात्यातून अस्पृश्यता हद्दपार झाली आहे. बातमी माझ्याच टेबलावर आली. मी ते वाक्य काढले. संपादकांनी ते पुन्हा घातले आणि मथळ्यात नेले. दुसऱ्या दिवशी कार्डवाला अंक घेऊन वर्गात आला.

"मास्तर, हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही."

"कुणी लिहिलं त्याला सांगा, आता माठ दोन झालेत."

मथळा छापला गेला त्याच आठवड्यात साचेवाल्यांनी वर्गणी काढून नवा माठ आणला होता. भांडण नाही, बोलाचाली नाही. जुना माठ कार्डवाल्याच्या तापमापकांजवळ राहिला, नवा खात्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. कुपीला लागणाऱ्या दोन चमचे पाण्यासाठी त्याला आता अख्खा माठ होता. तो उर्मटपणे म्हणाला, एवढा मोठा माठ तर चाळीत आमच्या घरीपण नाही.

एप्रिल संपत आला. एके दिवशी त्याने आलेखाचा कागद माझ्यापुढे ठेवला. तो त्याने स्वतःहून काढला होता. आडव्या ओळीवर पाळीतले तास, उभ्या ओळीवर माठातले पाणी, वीतभर लाकडी पट्टीने मोजलेले. रेघ सकाळी वर सुरू होऊन पाळी संपताना तळाशी आली होती.

"हा कुठला माठ?"

"माझा."

"कुपीला इतकं पाणी?"

"कुपीला दोन चमचे."

"मग बाकीचं?"

"नवा माठ भिंतीला आहे, मास्तर, पलीकडे बॉयलर. तिथलं पाणी चहासारखं लागतं. माझा खिडकीत. गार."

"म्हणजे ते तुझ्या माठातलं पितात."

"छे. कोणीच पीत नाही. खात्यात कुणालाही विचारा. येतात, तापमापक बघतात, इकडं बघतात, तिकडं बघतात, जातात. मी आकडे लिहीत असतो, मला पाठ करावी लागते. म्हातारा तेवढा माझ्याकडं बघून पितो."

मी तो आलेख फळ्यावर काढला आणि वर्गाला वाचायला सांगितला. कुठल्या तासाला उतार जास्त, ते एकाने अचूक दाखवले: जेवणाच्या सुट्टीनंतरचा. दोन वर्षांच्या शिकवणीत वर्गाने इतक्या झटपट आणि इतक्या आनंदाने वाचलेला दुसरा आलेख नाही. कोकणी म्हणाला, हो चिटणिसांका दाखवया. कुणालाच ते गरजेचे वाटले नाही. चिटणिसांकडे मथळा होता.

कार्डवाल्याने आलेख खात्यात नेऊन जुन्या माठाच्या बाजूला भिंतीला लावला. साचेवाल्यांना तो वाचता येत नव्हता आणि वाचून दाखवण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. रोजचे टिंब मात्र तो त्यांच्यासमोर देई. आठवड्याने जॉबरचे तिकडे लक्ष गेले. रेघ खाली घसरलेली पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? खाली चाललंय. उद्यापासून रेघ वर दिसली पाहिजे."

"वर काढतो," कार्डवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने माठात उरलेले पाणी लिहिणे सोडले आणि गेलेले पाणी लिहायला घेतले. रेघ सकाळी तळाशी सुरू होऊन पाळी संपताना कागदाच्या माथ्यावर जाऊ लागली. जॉबरने ती पाहिली, मान हलवली आणि खिडकीतल्या माठाचे एक भांडे पाणी प्यायला. इकडे तिकडे न बघता. कार्डवाल्याने त्याचेही टिंब दिले.